गहुंजेचे मैदान आणि मुदतीचे संघ

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. मतभेद असतील तर ते नोंदींसह मांडावेत, एवढीच विनंती.

आयपीएलचा हंगाम जवळ आला की एक वाक्य हमखास वाचायला मिळते. पुण्याला संघ टिकवता येत नाही, आणि पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानी पट्ट्यात तर चाहतेपण रुजणे शक्यच नाही. कारणेही ठरलेली असतात. पुणेकर स्वभावाने थंड. पिंपरी-चिंचवडचा रहिवासी मूळचा लातूरचा, साताऱ्याचा किंवा गोरखपूरचा, म्हणून त्याची निष्ठा गावाकडे. चाकणचा कामगार तीन पाळ्यांच्या चक्रात अडकलेला, त्याला सामना पाहायला सवड कुठली? हे वाक्य इतक्या सहजपणे फिरते की ते सिद्ध करण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

मला ते पटत नाही. चाहते उठून गेले म्हणून बंद पडला, असा या परिसरातला एकही मोठा संघ मला नोंदींत सापडत नाही. संघ बंद पडले ते करार संपले, हमीचे पैसे अडकले, मालक बदलले किंवा दोन संघटनांत भांडण झाले म्हणून. दर वेळी संघ गेला आणि जाताना नाव, रंग, विक्रम सारे घेऊन गेला. मागे उरलेल्यांना मात्र आपण निष्ठाहीन म्हणू लागलो. या धाग्यात मला हा हिशेब मांडायचा आहे.

थोडे मागून सुरुवात करतो. खेळाडूंची पळवापळवी, संघांची पडझड आणि पुन्हा उभारणी हे सारे लिलावांच्या युगात सुरू झाले, असा समज आपल्या पिढीत आहे. रणजी करंडकाची जुनी पाने उलटली की तो टिकत नाही. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा विजेतेपद मिळवले. त्यांपैकी पहिल्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. हजारे सांगलीचे. ज्या बडोद्याच्या गोलंदाजीची त्यांनी ही दशा केली, त्याच बडोद्याकडून ते १९४१-४२ पासून खेळू लागले. संस्थानिकांचा आश्रय हाच त्या काळचा करार होता. लिलावाचा हातोडा नव्हता, पण खेळाडूचे मोल लावले जात होतेच. पुढे १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली, ती बडोद्यासाठी. महाराष्ट्राच्या चाहत्याने त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात की हळहळावे, हा प्रश्न आजच्या चाहत्याला नवा वाटू नये.

भाऊसाहेब निंबाळकरांचीही गोष्ट याच घरातली. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम ९ धावांवर आला होता. त्या टप्प्यावर काठियावाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि सामनाच सोडून दिला. निंबाळकर पुढे होळकर संघाकडूनही खेळले. कसोटी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. पुण्याच्या क्रिकेटला अपुरेपणाची सवय फार जुनी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. १९४०-४१ नंतर महाराष्ट्राने रणजी करंडक पुन्हा जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हार पत्करली. यांपैकी शेवटच्या हंगामात केदार जाधव यांनी १,२२३ धावा केल्या, तरी करंडक कर्नाटकाकडे गेला. आठ दशकांहून अधिक काळ जो संघ जिंकला नाही, तो आजही उभा आहे आणि गहुंजेच्या मैदानावर खेळतो. त्याला बरखास्त करावे असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण तो कोणाच्या मुदतीवर उभा नाही. पराभवाने संघ मरत नसतो, याचा इतका ठळक पुरावा आपल्या घरात असताना आपण तो विसरतो.

ज्या पट्ट्याविषयी आपण बोलतो आहोत, त्याची घडण या रणजी परंपरेच्या नंतरची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला, मग टेल्को आली, बजाज आली. १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणला वाहन उद्योगाने पाय रोवले. माणसे बाहेरून आली हे खरेच. पण बाहेरून आलेल्या माणसाला गावाकडच्या निष्ठेबरोबर इथे एक नवी निष्ठा हवी असते, हे जगातल्या बहुतेक कारखानी शहरांच्या इतिहासात दिसते. मँचेस्टर, डेट्रॉईट, जमशेदपूर ही नावे आठवून पाहा. या शहरांत आलेल्यांच्या मुलांनी स्थानिक संघाला आपले आडनाव असल्यासारखे धरले. तसे इथेही होऊ शकले असते. त्यासाठी वडील आणि मुलगा दोघांनी एकाच संघाला पाहणे आवश्यक होते. तेवढा काळ इथे कोणत्याही संघाला मिळाला नाही.

थेट पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत ज्याचे घरचे मैदान होते, असा एक व्यावसायिक संघ होऊन गेला, हे आज किती जणांना ठाऊक आहे? २०१२ च्या वसंतात वर्ल्ड सिरीज हॉकी ही आठ संघांची लीग झाली. त्यातला पुणे स्ट्रायकर्स हा संघ नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी मैदानावर खेळत असे. ही निवड योगायोगाची नव्हती. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत हॉकी वाढली ती तिथेच, आणि धनराज पिल्ले त्याच मातीतले. हॉकीच्या या जुन्या मुलखात स्ट्रायकर्सने आपल्या पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली. २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईत शेर-ए-पंजाबने त्यांना ५-२ असे हरवले. उपविजेतेपद, तेही पहिल्या प्रयत्नात. कोणत्याही चाहत्याने पुढच्या वर्षाची वाट पाहावी अशीच ही कामगिरी.

पुढचे वर्ष आलेच नाही. ही लीग भारतीय हॉकी महासंघ आणि निम्बस यांनी उभी केली होती, तर देशातील हॉकीची अधिकृत सूत्रे हॉकी इंडियाकडे होती. दोन संघटनांच्या वादात खेळाडूंपुढे राष्ट्रीय संघ की लीग असा पेच उभा राहिला आणि दुसरा हंगाम कधी झालाच नाही. म्हणजे पिंपरीच्या एकमेव संघाचे सारे आयुष्य साधारण पाच आठवड्यांचे. त्याच्या स्मृतीची साधी पाटीही मला कुठे दिसलेली नाही.

स्ट्रायकर्सच्या अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी, १ एप्रिल २०१२ रोजी, काही किलोमीटरवर दुसरा सोहळा झाला. द्रुतगती मार्गालगत, मावळ तालुक्यातील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या नव्या मैदानाचे उद्घाटन शरद पवार यांच्या हस्ते झाले. ते तेव्हा आयसीसीचे अध्यक्ष होते. आराखडा मायकेल हॉपकिन्स यांच्या ब्रिटिश वास्तुसंस्थेचा, क्षमता सुमारे ३७ हजार. पुण्याच्या पेठांतून हे मैदान लांब पडते. निगडी, रावेत, देहूरोड इथून मात्र ते हाकेच्या अंतरावर आहे. नाव पुण्याचे असले तरी भूगोल कारखानी पट्ट्याचा, हे लक्षात ठेवावे.

इथे खेळणार होता पुणे वॉरियर्स. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून हा संघ घेतला. त्या वेळेपर्यंत आयपीएलमध्ये एवढी किंमत कोणी दिली नव्हती. २०११ च्या पहिल्या हंगामात मैदान तयार नसल्याने पुण्याचा संघ नवी मुंबईत खेळला. कर्णधार युवराज सिंग. दहा संघांत नववा क्रमांक. २०१२ च्या लिलावाच्याच दिवशी मालकांनी मंडळाशी संबंध तोडल्याची घोषणा केली, मग समेट झाला. युवराज कर्करोगावरील उपचारांत होता, धुरा सौरव गांगुलीकडे आली. नऊ संघांत नववा क्रमांक. २०१३ मध्ये नऊ संघांत आठवा. तीन हंगामांत मिळून अवघे १२ विजय, दरवर्षी ४ याप्रमाणे. सातत्य म्हणावे तर ते हेच.

वॉरियर्सच्या आठवणी काढायला बसलेली माणसे दोन दिवसांवर हमखास येतात. पहिला ५ मे २०१२: ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध गांगुलीचा पुणे संघ उतरला आणि निम्मे ईडन आपल्याच शहराच्या संघाविरुद्ध ओरडू लागले. पुणे ७ धावांनी हरले, पण परक्या शहराने पुण्यासाठी घसा कोरडा केल्याचा तो एकमेव दिवस. दुसरा २३ एप्रिल २०१३: बंगळुरूत ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. शतक ३० चेंडूंत, षटकार १७. पुणे १३० धावांनी हरले. गंमत अशी की हा दुसरा दिवस सांगताना चाहत्याच्या आवाजात लाज कमी आणि अभिमान जास्त असतो. ‘त्या दिवशी समोर आपण होतो’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. पराभवाची अशी मालकी सांगणे, चाहतेपणाची याहून स्वच्छ खूण मला माहीत नाही. थंड माणसे मानहानी जपून ठेवत नाहीत.

मे २०१३ मध्ये शुल्काच्या वादात मंडळाने बँक हमी वटवली, मालकांनी संघ काढून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये करार अधिकृतपणे रद्द झाला. मैदानाला समूहाच्या प्रमुखांचे नाव दिलेले होते, तेही पैशांच्या वादात उतरले.

दोन वर्षांनी दुसरा संघ आला, तोही अधिक विचित्र रीतीने. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आल्याने दोन जागा रिकाम्या होत्या. ८ डिसेंबर २०१५ रोजी त्यांच्यासाठी उलटा लिलाव झाला: मंडळाकडून सर्वांत कमी रक्कम मागणारा जिंकणार. संजीव गोएंका यांच्या न्यू रायझिंगने शून्याच्याही खाली जाऊन उणे १६ कोटींची बोली लावली, म्हणजे घेण्याऐवजी मंडळालाच वर्षाला १६ कोटी देऊ केले. पुण्याला संघ मिळाला. सर्वांत कमी बोलीमुळे खेळाडू निवडण्याचा पहिला मानही मिळाला. अमेरिकी बेसबॉलमध्ये तळाच्या संघाला नवोदितांत आधी निवड करू देतात, म्हणजे दुबळ्याला उभे राहता यावे. आपल्याकडच्या या निवडीत एक पडलेले घरच वाटून घेतले गेले. १५ डिसेंबरला पुण्याने धोनी, रहाणे, अश्विन, स्मिथ आणि डू प्लेसी उचलले. राजकोटने रैना आणि जडेजा. आठ वर्षांचा चेन्नईचा संघ एका दुपारी दोन शहरांत विखुरला.

या संघाचे आयुष्य दोन वर्षांचे आहे हे पहिल्या दिवसापासून लेखी होते. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. ठरावीक मुदतीचा करार, मुदत संपली की गेटपास परत. पूर्वी खेळाडूला कारखान्यात नोकरी मिळायची आणि नोकरीच्या आधाराने कारखान्याचा संघ वर्षानुवर्षे उभा राहायचा. आता संघच कंत्राटी झाला होता.

त्यात २०१६ चा दुष्काळ. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात होते. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. १ मेचा सामना अपवाद म्हणून गहुंजेत झाला, पुण्याचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला गेले. या आदेशाविरुद्ध पुण्यातल्या काही चाहत्यांनी तेव्हा त्रागा केला. पण आकुर्डी, भोसरी, चाकणला ज्यांची मुळे लातूर-बीडमध्ये आहेत, त्यांची अवस्था मला अधिक बोलकी वाटते. त्यांच्या घरच्यांना पाणी नाही, म्हणून त्यांच्या दारचा संघ गेला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. तरीही ज्याने वर्षभरानंतर त्याच संघासाठी पुन्हा तिकीट काढले, त्याला निष्ठाहीन म्हणायला जीभ कशी वळते?

पहिल्या हंगामात सातवा क्रमांक आला. दुसऱ्याच्या आधी संघबांधणी झाली, आणि ती कठोर होती. धोनीचे कर्णधारपद काढून स्मिथकडे दिले. बेन स्टोक्ससाठी १४.५ कोटी मोजले. संघाच्या नावातले शेवटचे अनेकवचनही काढून टाकले. ‘सुपरजायंट्स’चे ‘सुपरजायंट’ झाले. त्याच लिलावात महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी १० लाखांच्या मूळ किमतीत आला. मला या सगळ्या व्यवहारात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. त्रिपाठीने त्या हंगामात ३९१ धावा केल्या. ३ मे रोजी ईडनवर ५२ चेंडूंत ९३. जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले. मुंबई इंडियन्सला साखळीत दोनदा आणि पात्रता सामन्यात एकदा, असे तीन वेळा हरवून पुणे अंतिम फेरीत गेले.

२१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई १२९. पुण्याला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, गोलंदाज मिचेल जॉन्सन. निगडीच्या टपरीवर किंवा चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये आजही हा विषय काढून पाहा, षटक चेंडूबरहुकूम ऐकायला मिळेल. मनोज तिवारीचा चौकार. तिवारी बाद. ५१ धावांवरचा स्मिथ बाद. मग एक धाव, मग दोन. शेवटच्या चेंडूवर चार हव्यात, ख्रिस्टियन मारतो, दोन होतात, तिसरी घेताना तो धावबाद. एका धावेने हार. मग वाद सुरू होतो: धोनीला वर पाठवायला हवे होते का, मधली षटके फारच जपून खेळली का, स्मिथने तो फटका का मारला. आठ वर्षांहून जुन्या सामन्यावर आजच्यासारखे भांडता येते, ही जिवंत स्मृतीची लक्षणे आहेत. फरक एवढाच की दुसऱ्या शहरांत असे भांडण ‘या वर्षी बघू’ या शब्दांनी संपते. इथे ते संपवायला तसा शब्द नाही.

कारण मुदत संपली. खेळाडू पुन्हा विखुरले. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच मालकांनी ७,०९० कोटींना लखनौचा संघ घेतला, नाव ठेवले सुपर जायंट्स. अनेकवचनासकट. मालकाचा शब्द, मालकाने कुठेही वापरावा. कायद्याने यात काही गैर नाही. पण पुण्याच्या दोन वर्षांच्या आठवणींवरचे नाव आज दुसऱ्या शहराच्या छातीवर आहे आणि इथल्या मुलाने जुनी जर्सी घातली तर त्याला लखनौचा समजतात.

दरम्यान गहुंजे रिकामे राहिले नाही. २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले. चेन्नईहून खास रेल्वेगाडी हजारएक चाहते घेऊन पुण्यात दाखल झाली. एका पाणीप्रश्नाने आपला संघ नेला होता, दुसऱ्याने परका आणून दिला. (त्याच एप्रिलमध्ये पवनेचे पाणी या मैदानाला देण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली. मैदानाचा इतिहास लिहायचा झाला तर पाण्याचे एक प्रकरण वेगळे करावे लागेल.) आपल्याकडे या गाडीचे फार कौतुक झाले: बघा, चाहते असावेत तर असे. कौतुक रास्तच. पण त्या चाहत्यांनी २००८ पासून एकच पिवळा रंग पाहिला होता आणि बंदीची दोन वर्षे संपली की संघ परत येणार, हे त्यांना ठाऊक होते. तीच दोन वर्षे आपल्या वाट्याला संपूर्ण आयुष्य म्हणून आली होती.

आणि मग १ मे २०२२. महाराष्ट्र दिन. गहुंजेत चेन्नईकडून खेळताना ऋतुराज गायकवाडने हैदराबादविरुद्ध ९९ धावा केल्या. ऋतुराज जुनी सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला, अस्सल पिंपरी-चिंचवडकर. २०१८ च्या अखेरीस झालेल्या लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांना घेतले, तेव्हा पुण्याचा संघच अस्तित्वात नव्हता. २०२४ मध्ये तो चेन्नईचा कर्णधार झाला. स्वतःच्या गावालगतच्या मैदानावर तो पाहुण्यांच्या रंगात शतकाला एका धावेने मुकला. हजारे बडोद्याला गेले तेव्हा निदान मागे महाराष्ट्र नावाचा संघ होता.

फुटबॉलविषयी थोडक्यात, कारण तिथे तपशील बदलतो, गोष्ट बदलत नाही. पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ मध्ये बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. चार वर्षांत चार क्लब! ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणारे त्याचे पाठीराखे रिकाम्या हातांनी घरी गेले.

एक उदाहरण मात्र याच बालेवाडीत उलटे घडले, आणि माझा मुद्दा त्यावरच टेकलेला आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पुणेरी पलटण पहिल्या हंगामात तळाशी होती. वॉरियर्सपेक्षा काही वेगळे चित्र नव्हते. पण हा संघ उठून गेला नाही. दोनदा तिसरा आला, पुन्हा घसरला, प्रशिक्षक बदलले, नामवंत खेळाडू आले आणि गेले. आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे कोवळे चढाईपटू संघात आले आणि व्यवस्थापनाने त्यांना वाढू दिले. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम फेरीत जयपूरकडून हार झाली. त्यानंतर कर्णधार फजल अत्राचलीला सोडून देण्याचा धाडसी निर्णय घेतला, तरुणांना ठेवले आणि मोहम्मदरेझा शादलुई या इराणी बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्या नेतृत्वाखाली, बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनात, पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. सामना हैदराबादेत झाला. सात वर्षांपूर्वीचे षटक आठवून त्या रात्री डोळे पुसणारे दुसऱ्या खेळाचेही चाहते होते.

मग शादलुईही गेला. हरियाणाने त्याला घेतले आणि पुढच्याच हंगामात, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याने हरियाणाला विजेतेपद मिळवून दिले, तेही बालेवाडीत झालेल्या अंतिम सामन्यात. झोंबणारीच गोष्ट. पण ती सहन होते, कारण खेळाडू गेला तरी पलटण जागेवर आहे. शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये जिंकला. मध्ये १०८ वर्षे. २०१२ मध्ये तर जुने खेळाडू देऊन टाकून त्यांनी मुद्दाम तरुणांवर भिस्त ठेवली आणि हंगामात १०१ सामने गमावले. चाहत्यांनी ते पचवले, कारण संघ उद्या इथेच असेल याची खात्री होती. संघबांधणी म्हणजे चाहत्याकडून घेतलेली उधारी असते. दोन वर्षांच्या मुदतीवर ही उधारी मागण्याचा अधिकार कोणाला नाही.

म्हणून पुढच्या वेळी पुण्याला नवा संघ मिळावा की नाही, यावर वाद घालण्याआधी एक अट मांडली पाहिजे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराचा फुटबॉल संघ मालकाने १९९५-९६ मध्ये बाल्टिमोरला नेला तेव्हा शहराने लढून करार करवून घेतला: खेळाडू न्या, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि आजवरचे सारे विक्रम क्लीव्हलँडचे राहतील. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला आणि जुना इतिहास पुढे चालू झाला. आपल्या महानगरपालिका जमीन देतात, रस्ते देतात, बंदोबस्त उभा राहतो, पाणी लागते. त्या बदल्यात नाव आणि नोंदी शहराच्या राहतील, एवढे कलम मागणे अवाजवी नाही. मालक म्हणतील, नाव ही आमची मालमत्ता. मग नाव शहराचे घेऊ नका.

हे होईल तेव्हा होईल. तोवर कागद वाचवणे आपल्या हातात आहे. २०१२ चे सामने होऊन अजून दोन दशकेही झालेली नाहीत, तरी स्ट्रायकर्सच्या घरच्या सामन्यांविषयी मला मिळालेले साहित्य एका पातळ फाइलीत मावते. संस्थानी काळातल्या क्रिकेटवर याहून अधिक कागद उपलब्ध आहेत! तुमच्यापैकी कोणाकडे नेहरूनगरच्या त्या सामन्यांचे तिकीट, पास, झेंडा, संघाची यादी किंवा मोबाइलवर काढलेला धूसर फोटो असेल, तर या धाग्याखाली टाका. वॉरियर्सची निळी जर्सी, २०१६ मधले गहुंजेचे न वापरलेले तिकीट, पुणे एफसीचा मफलर, काहीही चालेल. सोबत तारीख, समोरचा संघ आणि तुम्ही त्या दिवशी कुठून, कोणत्या पाळीनंतर आला होतात, एवढे तीन तपशील लिहा.